लांकडाचा स्वभाव

स्वभावास औषध नाहीं, असें आपण माणसांविषयीं नेहमीं म्हणतों. लांकडाविषयीं मात्र कोणी तसें म्हणत नाहीं. कारण झाड तोडलें कीं त्याचा स्वभाव संपला, आतां तो केवळ एक जिन्नस उरला, अशी आपली समजूत असते. ही समजूत खरी नाहीं हें प्रत्येक घरांतील दरवाजा दरवर्षीं आपणांस सांगत असतो. वैशाखांत जो दरवाजा वाऱ्याच्या झुळकेनें आपोआप आपटतो, तोच श्रावणांत खांदा लावल्यावांचून बंद होत नाहीं. मग सुतारास बोलावणें जातें. तो रंध्यानें कड तासून देतो. आणि पुढच्या वैशाखांत त्याच कडेच्या फटींतून धूळ आंत येऊं लागली म्हणजे आपण त्याच सुतारास नांवें ठेवतों. वस्तुतः दोष सुताराचा नसतो, आणि बहुतेक वेळां लांकडाचाहि नसतो. हवेंतील ओल घेणें व सोडणें, आणि तिच्याबरोबर फुगणें व आटणें, हा लांकडाचा जन्मभराचा धर्म आहे. झाड तोडल्यानें तो सुटत नाहीं, आणि शंभर वर्षें उलटल्यानेंहि सुटत नाहीं.

आमच्या हिंगोली जिल्ह्यांत तर हा धर्म फारच ठळकपणें दिसून येतो. १९९९ सालच्या १ मे रोजीं परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा समुद्रापासून दूर. उन्हाळ्यांत पारा चाळिसांच्या पुढें जातो, वारा इतका कोरडा सुटतो कीं धुतलेलें लुगडें अंगणांतून आंत आणीपर्यंत वाळतें. आणि आषाढ लागला कीं कयाधूस पूर येऊन भिंतींना ओल सुटते. एकाच वर्षांत लांकडास अशीं दोन टोंकें गांठावीं लागतात. येथें ज्याला सुतारकाम करावयाचें त्याला लांकडाचा स्वभाव ओळखल्याशिवाय गत्यंतरच नसे. ही ओळख काय योग्यतेची असते, तें आम्हांस आमचा जुना वाडा उतरविण्याच्या वेळीं पहावयास मिळालें.

आमचा वडिलोपार्जित वाडा कळमनुरी तालुक्यांतील एका खेड्यांत होता. मातीच्या जाड भिंती, वर माळवद, आणि तें सर्व ओझें तोलून धरणारे सागवानी खांब व तुळया, अशी मराठवाड्यांतील जुन्या वाड्यांची जी रचना, तीच त्याची. २०२२ सालच्या पावसांत माजघराची मागील भिंत खचली व माळवदाचे दोन खण खालीं आले. सुदैवानें आंत कोणी नव्हतें. आम्ही तिघे बंधु एकत्र बसलों, आणि उरलेला वाडा उतरवून त्या जागीं चार खोल्यांचें लहानसें घर बांधावें, असें ठरलें. आमच्या मातोश्री तेव्हां चौऱ्यायशीं वर्षांच्या होत्या. त्यांनीं वाद घातला नाहीं, रडल्याहि नाहींत. एवढेंच म्हणाल्या, "देवघराची चौकट तेवढी नव्या घरांत बसवा." लग्न होऊन ह्या घरांत आल्यावर त्यांनीं देवांस पहिला नमस्कार केला तो ह्या चौकटींतून आंत जाऊन, आणि त्यानंतर एकहि दिवस असा गेला नव्हता कीं त्यांचा हात तिला लागला नाहीं.

लांकडाचा सौदा करण्यास एक व्यापारी आला. सरळ, गुळगुळीत व चीर नसलेलें तेवढें त्यानें एका बाजूस काढलें. गांठाळ, चिरलेलें, पिळलेलें असें जें उरलें तें जळणाच्या भावानें वजनावर देऊन टाकावें, असें त्याचें म्हणणें पडलें. धाकट्या बंधूंस तें पटलें. त्यांची रजा संपत आली होती. परंतु मातोश्री म्हणाल्या, "सुतारमामांना विचारल्याशिवाय एक काडी हलवूं नका."

हे सुतारमामा आमच्या गांवचेच. त्या वेळीं त्यांचें वय शाहत्तर. त्यांच्या वडिलांनीं आमच्या वाड्याची डागडुजी केलेली, आणि आम्ही लहानपणापासून त्यांना मामा म्हणत आल्यामुळें मातोश्रीहि मुलांच्या निमित्तानें त्यांना मामाच म्हणत. ते एक हातोडी, एक चाकू व पाण्याची बादली घेऊन आले आणि दोन दिवस त्या ढिगापाशीं बसले.

व्यापाऱ्यानें लांकडाची पाठ पाहिली होती. सुतारमामा प्रत्येक तुळईचें टोंक पाहूं लागले. टोंकावरील जुना काप पाण्यानें पुसून चाकूनें थोडा तासला कीं झाडाचें सगळें चरित्र तेथें उघडें पडतें. मध्यबिंदूच्या भोंवतीं वर्षावर्षांचीं वलयें दिसतात. आंतला गाभा तपकिरी व बाहेरचा पट्टा फिकट असतो. गाभा म्हणजे झाडाचा जुना, आपलें काम संपवून स्थिर झालेला भाग. सागाच्या गाभ्यांत तेलकट द्रव्यें भरलेलीं असतात, म्हणून वाळवी त्यास सहसा तोंड लावीत नाहीं. बाहेरच्या फिकट पट्ट्यांतून झाड जिवंतपणीं रस वाहून नेतें; त्यांत पिष्ट सांठलेलें असतें, आणि तेंच किडीचें अन्न. सागवान म्हटलें कीं आपण निश्चिंत होतों. परंतु सागाचा हा पांढरा भाग कीड लागण्याच्या बाबतींत इतर सामान्य लांकडांहून फारसा वेगळा नसतो. सागवान घेतांना खरा प्रश्न सागवान आहे कीं नाहीं हा नसून, त्यांत गाभा किती आहे, हा असतो.

आतां ह्या वलयांचा व चिरांचा संबंध काय, हें समजण्यास लांकूड वाळतें कसें हें थोडें पाहिलें पाहिजे. ताज्या लांकडांत पाणी दोन प्रकारें राहतें: कांहीं पेशींच्या पोकळींत मोकळें, व कांहीं पेशींच्या भिंतींत मुरलेलें. वाळतांना पहिल्यानें मोकळें पाणी जातें. तोंपर्यंत लांकूड हलकें होतें, परंतु आकारानें बदलत नाहीं. कोरड्या लांकडाच्या वजनाच्या शेंकडा तीसच्या आसपास ओल उरली म्हणजे भिंतींतलें पाणी निघूं लागतें, आणि आटणें सुरू होतें तें तेथून. हें आटणें सर्व दिशांनीं सारखें नसतें. लांबीच्या दिशेनें लांकूड जवळजवळ आटतच नाहीं. मध्यबिंदूकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेनें तें थोडें आटतें, आणि वलयांच्या वळणाच्या दिशेनें त्याच्या सुमारें दुप्पट. साग ह्या बाबतींत अत्यंत सभ्य गणला जातो. तरीहि ओला असल्यापासून पूर्ण कोरडा होईपर्यंत तो पहिल्या दिशेनें शेंकडा अडीच व दुसऱ्या दिशेनें शेंकडा साडेपांच ते सहा इतका आटतो.

लांकडाचे म्हणून जे दोष आपण मोजतों, त्यांतील निम्मे ह्या दुपटीच्या फरकांतून जन्मास येतात. ज्या तुळईच्या पोटांत झाडाचा मध्यबिंदु आहे, तिचा घेर व्यासाहून अधिक आटूं पाहतो, आणि तो पुरा पडत नाहीं म्हणून ती बाहेरून मध्याकडे उभी चिरते. तिनें तसें चिरणें अटळच आहे. ओंडक्याच्या बाजूनें काढलेली रुंद फळी वाळतांना वाटीसारखी खोलगट होते, आणि तिची खोलगट बाजू नेहमीं सालीकडची असते. टोंकावरचीं वलयें पाहून ती कोणत्या बाजूस वळणार हें सुतार आधींच सांगूं शकतो. झाडाचे तंतु मुळांतच पिळून वाढलेले असतील तर फळीचे चार कोपरे एका पातळींत रहात नाहींत; असें लांकूड कितीहि वाळविलें तरी ओल बदलली कीं पुन्हां पीळ घेतें. ह्यांपैकीं एकहि गोष्ट लहरीनें घडत नाहीं.

माजघराच्या पुढच्या खणांत एक मोठी तुळई होती. तिला हातभर लांब व आंत बोट जाईल एवढी चीर पडलेली. तिच्याच कडीला आम्हां तिघां भावांचा पाळणा टांगला जात असे. व्यापाऱ्यानें ती जळणांत टाकली होती. सुतारमामांनीं तिच्यावर या टोंकापासून त्या टोंकापर्यंत हातोडी वाजविली, चिरेंत काडी घालून खोली पाहिली आणि मातोश्रींस म्हणाले, "काकू, चीर उभी हाय. तिनं तुळई मोडत नसती. आडवी चीर असती तर मीच जाळा म्हणलो असतो." उभी चीर तंतूंच्या मधून जाते, तंतु तोडीत नाहीं, आडवी चीर म्हणजे तंतु तुटलेले, तेथें लांकडाचा कणाच मोडलेला. चीर एकच शब्द. परंतु एक केवळ वाळल्याची खूण, तर दुसरी जिवावरची जखम.

उलट, व्यापाऱ्याच्या चांगल्या राशींत सर्वांत वर ठेवलेली एक सरळ, स्वच्छ तुळई त्यांनीं ओढून बाजूस काढली. तिच्या एका बाजूस, नेमकी मध्यावर, लिंबाएवढी एक काळी गांठ होती. गांठ म्हणजे फांदीचें मूळ. फांदी जिवंत असतां तिच्याभोंवतीं खोड वाढलें तर ती गांठ लांकडाशीं एकजीव होते व शंभर वर्षें तशीच राहते. फांदी वाळून गेल्यावर खोडानें तिला वेढलें तर ती बुचासारखी सुटी राहते व कालांतरानें निखळते. ही गांठ दुसऱ्या जातीची होती. त्यांतहि ती कोठें येते ह्यास महत्त्व आहे. ओझें पडलें म्हणजे तुळईची वरची कड दाबली जाते व खालची ताणली जाते. तो ताण मध्यावर सर्वांत अधिक. गांठीभोंवतीं तंतु वळसा घालून जातात, त्यामुळें तेथें ताण सोसण्याची शक्ति कमी. हीच गांठ टोंकाजवळ किंवा वरच्या कडेस असती तर फारसें बिघडलें नसतें. "हिचे तुकडे करून पाट करा, झोपायच्या खोलीवर घालूं नका," असा मामांनीं निकाल दिला.

दुसऱ्या दिवशीं देवघराची चौकट पुढें आली. समोरून ती काळीभोर, तुळतुळीत. तीन पिढ्यांच्या हातांचें तेल व निरांजनाचा धूर तिच्यांत मुरलेला. वर गणेशपट्टी कोरलेली. मामांनीं ती उलटी केली आणि भिंतीकडच्या बाजूस चाकूचें टोंक टेकविलें. तें शिळ्या भाकरींत शिरावें तसें आंत शिरलें. दोन्ही उभ्या बाहींच्या मागच्या अंगास पांढरा भाग तसाच ठेवलेला होता. मातीच्या भिंतीची ओल व वाळवीची वाट, दोन्ही त्याच बाजूनें. समोर दोन बोटें जाडीचा गाभा शाबूत, व मागें नुसती पोकळी. आम्ही सर्वजण स्तब्ध राहिलों. धाकटे बंधु म्हणाले, "पोकळी रसायनानें भरून काढतां येते, तसें करूं." मामांनीं मान हलविली. भरलेली चौकट दिसावयास उभी राहील. परंतु दाराचें व भिंतीचें ओझें तिच्यानें पेलणार नाहीं, आणि ज्या घरांत नातवंडें खेळणार तेथें ती बसविण्यास आपला हात होणार नाहीं, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. आडवी गणेशपट्टी मात्र पूर्ण गाभ्याची होती; तिला एक छिद्रहि नव्हतें.

मातोश्री त्या दिवशीं फारशा बोलल्या नाहींत. संध्याकाळीं दिवा लावल्यावर त्यांनीं मामांस विचारलें, "मग नवी चौकट कशाची करणार?" मामांनीं पाळण्याच्या तुळईकडे बोट दाखविलें. मातोश्री बऱ्याच वेळानें म्हणाल्या, "ती कांहीं परकी नाहीं."

त्या तुळईचें पुढें मामांनीं जें केलें, त्यांत सुतारकामाचें पुष्कळसें सार आलें. चीर जेथें होती तेथूनच त्यांनीं करवत घातली, म्हणजे चिरेंत वायां जाणारें लांकूड करवतीनेंच खाल्लें. आणि मध्यबिंदूचा भाग काढून टाकला, म्हणजे पुन्हां चिरण्याचें कारणच उरलें नाहीं. निघालेल्या तुकड्यांच्या टोंकांस त्यांनीं शेण-मातीचा लेप दिला. कारण लांकडांतील ओल फळीच्या पाठीपेक्षां टोंकांतून कितीतरी जलद निघते, आणि टोंकें आधीं वाळलीं कीं तीं फाटतात. मग ते तुकडे पडवीच्या सावलींत, प्रत्येक थरामध्यें आडव्या पट्ट्या घालून रचून ठेवले. वास्तविक तें लांकूड शंभर वर्षांचें. परंतु माळवद उघडें पडल्यावर तें महिनाभर पावसांत भिजलेलें होतें. बंधूंनीं घाई केली, मामांनीं केली नाहीं. पावसाळी ओलीवर सांधे घातले तर ते उन्हाळ्यांत ढिले पडतात, भर उन्हाळ्यांत घातले तर पावसांत फाटतात. म्हणून मार्गशीर्ष लागल्यावर, हवा मध्यम असतां, त्यांनीं कुसवें बसविलीं.

दाराच्या बाबतींतहि त्यांचा तोच नेम. एक फूट रुंदीची सागाची फळी घ्या. वलयें तिच्या रुंदीस समांतर असतील, आणि तिच्यांतील ओल शेंकडा आठवरून अठरावर गेली, तर ती पाव इंचास थोडी कमी इतकी फुगते. हा पाव इंच खिळ्यांना किंवा सरसास ऐकत नाहीं. आमच्या एका आप्तांनीं शहरांतील एका दुकानांतून सागवानी कपाट आणलें होतें. त्याच्या दारांच्या रुंद फळ्या चारी बाजूंनीं सरसानें पक्क्या केलेल्या. पहिल्याच वैशाखांत दोन्ही फळ्या मधोमध फाटल्या. तेथें लांकूड वाईट नव्हतें, त्याला हलावयास जागा ठेवलेली नव्हती. जुने सुतार अरुंद लांकडांची चौकट करून तिच्या खांचेंत फळी नुसती सरकवून ठेवीत; फळी आंतल्या आंत फुगे-आटे, आणि दार मात्र आपल्या मापांत राही. चौकटीचीं उभीं लांकडें लांबीनें बदलत नाहींत, हा लांकडाच्याच स्वभावाचा एक भाग त्याच्या दुसऱ्या भागास सांभाळावयास लावलेला असतो. ही युक्ति आपल्याकडे तशीच युरोपांतहि जुन्या काळापासून आढळते. लांकूड सर्वत्र एकाच रीतीनें वागतें, म्हणून सुतारहि सर्वत्र एकाच उत्तराशीं येऊन पोंचले.

हें सांभाळलें तर लांकूड किती टिकतें, ह्याचीं उदाहरणें दूर शोधावयास नकोत. लोणावळ्याजवळील कार्ल्याच्या चैत्यगृहांत छताखालीं बसविलेल्या लांकडी कमानी सुमारें दोन हजार वर्षांनंतर आजहि जागेवर आहेत. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें बांधलेलें 'ट्रिंकोमाली' हें सागवानी लढाऊ जहाज १८१७ सालीं पाण्यांत उतरलें. मधून मधून दुरुस्त्या होत तें आज इंग्लंडांतील हार्टलपूल येथें तरंगत आहे. आणि लांकडाची पारख ही विद्या आपणांकडे केवळ कारागिरांपुरती नव्हती. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत मूर्तीसाठीं लांकूड आणण्यास वनांत कसें जावें हें सांगतांना वीज पडलेलें, आपोआप उन्मळलेलें, वांकलेलें, वाळलेलें किंवा वणव्यानें भाजलेलें झाड वर्ज्य सांगितलें आहे. त्यांत शकुनाचा भाग आहेच. परंतु कलून वाढलेल्या झाडाच्या एका अंगाचे तंतु ताणलेले असतात, तें लांकूड रंध्याखालीं पिंजतें व वाळतांना वेडेंवांकडें होतें, हें आजच्या शास्त्रासहि मान्य आहे.

आतां काळ पालटला आहे. आमच्या लगतच्या किनवटच्या वनांतील किंवा चंद्रपूरकडील जुन्या सागाचें लांकूड सामान्य गृहस्थास परवडत नाहीं. बाजारांत जें मिळतें त्यांत लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागाचा भरणा पुष्कळ. कोवळ्या झाडांत गाभा कमी व पांढरा भाग अधिक, आणि त्यावर रंग चढविला कीं गिऱ्हाइकास तो ओळखूं येत नाहीं. प्लायवूड आलें आहे, आणि त्यास तुच्छ लेखण्याचें कारण नाहीं. पातळ पापुद्रे एकमेकांवर आडवे-उभे चिकटवून प्रत्येकानें शेजाऱ्याची हालचाल रोखावी, ही युक्ति लांकडाचा स्वभाव ओळखूनच निघालेली आहे. मात्र तें वापरणाऱ्यास तो स्वभाव ओळखण्याची गरज उरत नाहीं, आणि ओळखणारी माणसें त्यामुळें कमी होत चाललीं आहेत. मामांचा एक मुलगा टेंपो चालवितो, दुसरा पुण्यास कारखान्यांत आहे. दोघेहि सुखी आहेत. त्यांनीं रंधा हातीं धरावा असें म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

परंतु एक गोष्ट आमच्या वाचकांच्या हातांत निश्चित आहे. वसमतपासून सेनगांवपर्यंत आज गांवोगांव जुने वाडे उतरत आहेत, आणि त्यांचें लांकूड ट्रकांत भरून वजनावर जात आहे. तुमच्या घरीं तशी वेळ आली तर सौदा करण्यापूर्वीं एखादा जुना सुतार दोन दिवस बसवून घ्या. प्रत्येक लांकडाचें टोंक तासून गाभा किती तें पहा. चीर उभी आहे कीं आडवी तें पहा. गांठ घट्ट आहे कीं सुटी, व ती कोठें येते तें पहा. आणि भिंतींत गाडलेल्या बाजूस चाकूचें टोंक टेकवून पहा. जें जावयाचें तें जाईल, आणि त्यांत तुमच्या प्रीतीचेंहि कांहीं असेल. तें राखण्याचा हट्ट धरूं नका. आमच्या नव्या घरांत गणेशपट्टी वर आहे व पाळण्याची तुळई तिच्याखालीं चौकट होऊन उभी आहे. तिच्या सांध्यांत वैशाखांत केंसाएवढी फट दिसते आणि पावसाळ्यांत मिटते. ती फट बुजवावी असें पाहुणे सुचवितात. ती आम्ही बुजविलेली नाहीं.